आळसाचा जंतू

डिसेंबर १९०२ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या एका आरोग्य परिषदेत चार्ल्स वार्डेल स्टाइल्स या प्राणिशास्त्रज्ञाचे भाषण झाले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतल्या गरीब शेतकऱ्यांचे पांढुरके चेहरे, थोड्या श्रमाने लागणारा दम आणि कामातला मंदपणा यांमागे आतड्यात राहणारा सेंटिमीटरभर लांबीचा एक कृमी आहे, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या 'सन' या वृत्तपत्रात बातमी आली. तिचा मथळा होता, 'आळसाचा जंतू सापडला?' हे शब्द वार्ताहराचे होते, पण गाजले ते तेच. उत्तरेकडच्या लोकांना हसू आले, तर दक्षिणेकडच्यांना राग आला.

हा कृमी म्हणजे अंकुशकृमी, अर्थात हुकवर्म. त्याच्यामुळे शरीरातले लोह कमी होते व रक्तक्षय जडतो, हे आज वैद्यकाच्या कोणत्याही पुस्तकात दोन ओळींत लिहिलेले असते. पण या दोन ओळींपर्यंत पोचायला शंभर वर्षे लागली. या काळात शेतकरी, शेतमजूर, खाणकामगार आणि शाळकरी मुले यांच्या अशक्तपणाला कधी हवेचा दोष म्हटले गेले, कधी वंशाचा, तर कधी स्वभावाचा. शिक्षकांचा संबंध रोजच मुलांच्या 'मंदपणा'शी येतो. म्हणून हा इतिहास त्यांनी आवर्जून वाचावा असे आम्हांला वाटते.

मिलानमधला कृमी, कैरोतले रक्त

१८३८ साली मिलानच्या रुग्णालयात एका शेतकरी स्त्रीच्या शवाचे विच्छेदन करताना आंजेलो दुबिनी या डॉक्टरांना तिच्या लहान आतड्यात एक अनोळखी कृमी आढळला. पुढे अशा आणखी शवांची तपासणी करून १८४३ मध्ये त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला 'अँकिलोस्टोमा' हे नाव दिले. ग्रीक भाषेतील या नावाचा अर्थ साधारणपणे 'वाकड्या तोंडाचा'. दुबिनींनी तपासलेल्या शवांपैकी बऱ्याच शवांत हा कृमी सापडला होता. तो इतका सर्रास आढळतो, म्हणजे निरुपद्रवीच असावा, असे पुष्कळांना वाटले. जे सगळीकडे दिसते ते स्वाभाविक समजायचे, ही चूक या इतिहासात पुन्हापुन्हा भेटते.

कृमी आणि रक्तक्षय यांचा संबंध प्रथम जोडला तो विल्हेल्म ग्रीसिंगर या जर्मन डॉक्टरांनी. इजिप्तमध्ये असताना त्यांनी कैरो येथे एका सैनिकाच्या शवाचे विच्छेदन केले. त्याचे आतडे रक्ताने भरले होते आणि आतड्याच्या अस्तराला असंख्य कृमी चिकटून होते. इजिप्तमधील शेतकऱ्यांत पसरलेल्या पांडुरतेच्या विकाराचे कारण हेच, असा निष्कर्ष त्यांनी १८५४ मध्ये मांडला. १८६६ मध्ये ब्राझीलच्या बाहिया प्रांतात ओटो वुखेरर यांनाही हाच अनुभव आला. तिथला रोगी एक गुलाम होता. पण युरोपातल्या वैद्यांच्या लेखी हे सारे उष्ण कटिबंधातले दूरचे रोग होते. ते युरोपच्या ऐन मध्यावर येऊन धडकले तेव्हा मात्र दुर्लक्ष करणे शक्य राहिले नाही.

डोंगराच्या पोटातला उन्हाळा

स्वित्झर्लंडमध्ये आल्प्स पर्वत पोखरून सेंट गॉटहार्डचा रेल्वे बोगदा खोदण्याचे काम १८७२ ते १८८२ या काळात झाले. बोगदा सुमारे पंधरा किलोमीटर लांब होता आणि मजूर बहुतांशी इटलीतून आलेले होते. काही वर्षांतच मजूर फिकट पडू लागले. त्यांची छाती धडधडे, पाय सुजत, चार पायऱ्या चढल्या तरी दम लागे. सुरुंगांचा धूर, कोंदट हवा, सूर्यप्रकाशाचा अभाव, निकृष्ट अन्न अशी कारणे डॉक्टरांनी दिली. बोगद्यात या साऱ्या गोष्टी होत्याच, त्यामुळे ती कारणे पटण्याजोगीही होती.

दरम्यान १८७८ साली इटलीत बातिस्ता ग्रासी आणि पारोना बंधू यांनी दाखवून दिले, की रोगी जिवंत असतानाच त्याच्या विष्ठेत सूक्ष्मदर्शकाखाली या कृमीची अंडी ओळखता येतात. निदानासाठी आता शवविच्छेदनाची गरज उरली नाही. पुढे मलेरिया आणि डास यांच्या संशोधनात नाव झालेले ग्रासी ते हेच. १८८० मध्ये तुरिनमध्ये बोगद्यातील एका मृत मजुराच्या आतड्यात हेच कृमी मोठ्या संख्येने सापडले. एदुआर्दो पेरॉनचितो यांनी बोगद्यातील इतर मजुरांची तपासणी केली आणि 'बोगद्याचा रक्तक्षय' हा अंकुशकृमींचा रोग आहे हे सिद्ध झाले.

पण आल्प्सच्या थंडीत हा उष्ण प्रदेशातला कृमी जगला कसा? मलातून बाहेर पडलेली अंडी उबेल तर त्यांना ऊब, ओल आणि सावली लागते. बोगद्यात या तिन्ही गोष्टी होत्या. खोलवर तापमान तीस अंशांच्या वर जाई, खडकातून सतत पाणी झिरपे आणि ऊन तर कधीच पडत नसे. मजुरांसाठी शौचाची सोय नव्हती, तेव्हा तेही तिथल्या चिखलातच उरकावे लागे. थोडक्यात, बर्फाच्या डोंगराखाली माणसाने स्वतःच्या हातांनी एक उष्ण कटिबंध तयार केला होता.

बोगदा पुरा झाल्यावर मजूर पांगले. याच काळात युरोपातल्या निरनिराळ्या खाणींतूनही हा रोग आढळू लागला. इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यातल्या डोलकोथ खाणीत कामगार आजारी पडू लागले, तेव्हा १९०२ मध्ये जे. एस. हॉल्डेन यांनी तपास केला. खाणींतल्या वायूंचे ते नामांकित अभ्यासक होते. पण त्यांना तिथे दोष सापडला तो हवेचा नव्हे, कृमीचा.

एक थेंब हातावर

कृमी शरीरात शिरतात कसे, हे कोडे अजून सुटायचे होते. दूषित पाणी किंवा मातीने भरलेले हात यांतून ते तोंडावाटे जात असावेत, अशी सर्वांचीच समजूत होती. कैरो येथे काम करणारे जर्मन कृमिशास्त्रज्ञ आर्थर लूस यांचेही मत तेच होते. एकदा प्राण्यांना अळ्यांचे पाणी पाजत असताना एक थेंब त्यांच्या हातावर सांडला. ती जागा लाल झाली आणि तिथे खाज सुटली. लूस यांनी ही गोष्ट सोडून दिली नाही. आणखी एक थेंब त्यांनी मुद्दाम हातावर घेतला, थोड्या वेळाने त्या जागेवरचे पाणी खरवडून तपासले, तर जिवंत अळ्या जवळजवळ उरल्याच नव्हत्या. काही आठवड्यांनी त्यांच्या स्वतःच्याच विष्ठेत अंकुशकृमींची अंडी दिसू लागली.

१८९८ मध्ये लूस यांनी हे प्रसिद्ध केले, पण कोणी सहजी विश्वास ठेवीना. मग त्यांनी पुरावा मिळवला तो एका मुलाच्या पायावर. तो पाय शस्त्रक्रियेने कापावाच लागणार होता. शस्त्रक्रियेपूर्वी तासभर आधी त्यांनी त्याच्या कातडीवर अळ्या सोडल्या. नंतर त्या कातडीचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा केसांच्या मुळांशी शिरलेल्या अळ्या स्पष्ट दिसल्या. आजच्या वैद्यकीय नीतीच्या कसोटीवर असा प्रयोग टिकेल का, हा प्रश्न वरच्या वर्गांत चर्चेला घेण्याजोगा आहे.

पुढे कुत्र्यांवर प्रयोग करून लूस यांनी अळ्यांचा सारा प्रवास शोधून काढला. कातडीतून रक्तात, रक्ताबरोबर हृदयात, तिथून फुप्फुसांत, मग श्वासनलिकेतून वर घशात आणि गिळले गेल्यावर लहान आतड्यात. तोंडावाटे लागण होऊ शकते, हेही अँकिलोस्टोमाच्या बाबतीत खरे आहे. पण मुख्य दरवाजा म्हणजे अनवाणी पाय. भात, ऊस, कॉफी यांच्या ओल्या मळ्यांत काम करणाऱ्यांना हा रोग का गाठतो, याचा उलगडा झाला.

एक गोष्ट इथे पक्की लक्षात ठेवावी. हे कृमी माणसाच्या शरीरात संख्येने वाढत नाहीत. मादी रोज हजारो अंडी घालते, पण ती बाहेर मातीत पडल्याशिवाय त्यांतून लागण करू शकणारी अळी तयार होत नाही. म्हणजे एखाद्याच्या आतड्यात दोनशे कृमी असतील, तर निदान दोनशे अळ्या एकेक करून बाहेरून आत शिरलेल्या असतात. रोग किती तीव्र, हे माती किती दूषित आणि पाय त्या मातीत किती वेळा पडले, यावर ठरते.

पोर्तो रिकोचे जीबारो

ऑगस्ट १८९९ मध्ये पोर्तो रिको बेटावर भीषण चक्रीवादळ आले. बेट नुकतेच अमेरिकेच्या ताब्यात गेले होते. निराश्रितांची व्यवस्था पाहण्यासाठी बेली अ‍ॅशफोर्ड या तरुण लष्करी डॉक्टराची नेमणूक झाली. डोंगरातल्या कॉफीच्या मळ्यांवरून आलेले हे मजूर, त्यांना तिथे 'जीबारो' म्हणत, मेणासारखे पांढरे पडलेले होते. ते मुळातच आळशी, अशी त्यांची ख्याती होती. उपासमारीने हे झाले असेल असे समजून अ‍ॅशफोर्ड यांनी त्यांना चांगले अन्न दिले, लोहाचे औषधही दिले. रक्त काही सुधारेना. नोव्हेंबरमध्ये त्यांनी विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा अंकुशकृमींची अंडी दिसली.

त्या वेळचे औषध होते थायमॉल. आपल्या ओव्याला जो तिखट वास असतो तो याच द्रव्याचा. मात्र कृमी पाडण्यासाठी ते मोठ्या मात्रेत घ्यावे लागे आणि तसे ते धोक्याचे असे. ओवा खाऊन अंकुशकृमी जात नाहीत, हे वर्गात सांगितलेले बरे. १९०४ मध्ये अ‍ॅशफोर्ड, किंग आणि गुतिएर्रेस इगाराव्हीदेस यांचा रक्तक्षय आयोग नेमला गेला. पुढील काही वर्षांत सुमारे तीन लाख लोकांवर उपचार झाले. आळशी म्हणून हिणवले गेलेले मजूर मैलोगणती चालत दवाखान्यांत येत होते.

शाळा आणि पत्र्याच्या डब्या

पोर्तो रिकोतला कृमी युरोपातल्यापेक्षा थोडा वेगळा आहे हे स्टाइल्स यांनी १९०२ मध्ये ओळखले आणि पुढे त्याला 'नेकेटर अमेरिकानस' हे नाव दिले. अर्थ 'अमेरिकन मारेकरी'. नाव अमेरिकन असले तरी तो गुलामांच्या व्यापाराबरोबर आफ्रिकेतून तिथे पोचला असावा, असे मानले जाते. अँकिलोस्टोमाच्या तोंडात दातांसारखे अंकुश असतात, तर नेकेटरच्या तोंडात पातळ धारदार पट्ट्या.

दक्षिणेतील गरिबांना उद्देशून 'माती खाणारे' असा कुचेष्टेचा शब्द वापरला जाई. आज आपल्याला ठाऊक आहे, की माती, खडू, पाटीवरची पेन्सिल असले पदार्थ खावेसे वाटणे हे लोहाच्या कमतरतेचे एक लक्षण असते. म्हणजे रोगाच्या एका लक्षणाला आळस म्हटले गेले आणि दुसऱ्या लक्षणाची शिवी झाली.

१९०९ मध्ये जॉन डी. रॉकफेलर यांनी या कामासाठी दहा लाख डॉलर दिले व एक आरोग्य आयोग स्थापन झाला. त्याचे प्रमुख विक्लिफ रोझ हे डॉक्टर नव्हते. ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते आणि त्यांना शिक्षण क्षेत्रातील कामाचा अनुभव होता. म्हणूनच की काय, ही मोहीम मोठ्या प्रमाणात शाळांमधून चालली. मुलांना छोट्या पत्र्याच्या डब्या देण्यात येत, त्यांतून विष्ठेचे नमुने तपासणीला जात, आणि शिक्षक मुलांना व पालकांना कृमींची माहिती देत. अकरा राज्यांत पाहणी झाली. तपासलेल्या मुलांपैकी सुमारे ४० टक्क्यांना लागण झालेली आढळली. पाच वर्षांत जवळजवळ सात लाख लोकांवर उपचार झाले.

शिक्षणाच्या दृष्टीने याचे फळ काय? २००७ मध्ये होइट ब्लीकली या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या नोंदींवरून त्याचा हिशेब केला. ज्या भागांत आधी लागण जास्त होती, तिथे मोहिमेनंतर शाळेतील पटसंख्या, हजेरी आणि साक्षरता यांत इतर भागांपेक्षा जास्त वाढ झाली होती. मात्र केवळ औषधाने रोग हटला नाही. औषध घेतलेले मूल अनवाणी त्याच परसात गेले, की पुन्हा लागण होई. तो ओसरला तो पुढील काही दशकांत, जसजसे शौचकूप झाले, पायांत जोडे आले आणि राहणीमान सुधारले तसतसा.

लोहाचा जमाखर्च

अ‍ॅशफोर्ड यांनी लोह देऊनही रोगी सुधारले नव्हते. मग रक्तक्षय लोहाच्या कमतरतेमुळेच होतो असे कसे म्हणायचे? कृमी काही विष सोडत असावेत, असेही एक मत होते. हा वाद पोर्तो रिकोतच मिटला. १९३० च्या दशकात तिथे गेलेल्या विल्यम कॅसल, कॉर्नेलियस ऱ्होड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्यांना पुष्कळ मोठ्या मात्रेत लोह दिले. आतड्यात कृमी तसेच असतानाही त्यांचे हीमोग्लोबिन वाढले. उलट ज्यांचे नुसते कृमी पाडले, त्यांचे रक्त फारच हळू सुधारले. म्हणजे विष वगैरे काही नव्हते. प्रश्न साधा जमाखर्चाचा होता.

खर्चाची बाजू नंतर मोजली गेली. व्हेनेझुएलातील मार्सेल रोशे आणि मिगेल लायरिस यांनी किरणोत्सारी द्रव्याने खूण केलेल्या रक्तपेशी वापरून एकेका कृमीमुळे किती रक्त जाते ते काढले व १९६६ मध्ये त्याचा आढावा प्रसिद्ध केला. एका नेकेटरमुळे रोज सुमारे ०.०३ मिलिलिटर, तर एका अँकिलोस्टोमामुळे सुमारे ०.१५ मिलिलिटर रक्त जाते. कृमी रक्त गोठू न देणारे द्रव्य सोडतो, त्यामुळे तो जागा बदलून गेल्यावरही जुनी जखम वाहत राहते.

आता फळ्यावर एक गणित मांडू. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असते. शंभर नेकेटर कृमींमुळे रोज ३ मिलिलिटर रक्त, म्हणजे दीड मिलिग्रॅम लोह आतड्यात उतरते. त्यातला काही भाग आतडे पुन्हा शोषून घेते. समजा निव्वळ तोटा एक मिलिग्रॅम उरला. ही मात्रा क्षुल्लक वाटेल, पण एरवी पुरुषाच्या शरीरातून दिवसाकाठी बाहेर जाणारे लोह एकूण सुमारे एक मिलिग्रॅमच असते. म्हणजे खर्च दुप्पट झाला. भाकरी, डाळ, भाजी यांतील लोहाचा फार थोडा भाग अंगी लागतो, तेव्हा जमा तेवढी वाढत नाही. मग शरीर शिलकीला हात घालते. एखाद्या स्त्रीच्या शरीरात तीनशे मिलिग्रॅम लोह शिलकीत असेल, तर ते तीनशे दिवसांत संपेल. त्यानंतर रक्तक्षय सुरू होतो.

या गणिताची पुढची पायरी अधिक बोलकी आहे. हीमोग्लोबिन कमी झाले, की वाहून जाणाऱ्या रक्तातही लोह कमी असते. हीमोग्लोबिन एकतृतीयांशावर आले तर रोजचा तोटाही एकतृतीयांश होतो. केव्हातरी जमाखर्च पुन्हा बरोबर जुळतो, पण तो फार खालच्या पातळीवर. असा माणूस मरत नाही, अंथरुणालाही खिळत नाही. तो हळूहळू चालतो, बसून राहतो, विचारलेले उशिरा समजल्यासारखे दाखवतो. प्राणवायू कमी पोचणारे शरीर काटकसरीने वागत असते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र त्यात आळस दिसतो.

दोन गोळ्या आणि तिसरी गोष्ट

२०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के बालकांत आणि १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. हे सारे अंकुशकृमींमुळे होते असे मात्र नाही. आहारातील लोहाचा तुटवडा, मासिक पाळीतील रक्तस्राव, बाळंतपणे, मलेरिया अशी कारणे आहेतच. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलचा आजारही लक्षात घ्यावा लागतो. तेव्हा फिकट मूल दिसले की जंतांचे औषध दिले आणि जबाबदारी संपली, असे होत नाही. त्याला दवाखान्यात पाठवून रक्त तपासून घेणे आवश्यक आहे.

२०१५ पासून १० फेब्रुवारीला आपल्याकडे राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. शाळांतून आणि अंगणवाड्यांतून मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. लोह आणि फॉलिक आम्ल यांच्या साप्ताहिक गोळ्याही शाळेतून मिळतात. गोळ्या दोन का, असे विद्यार्थ्याने विचारले तर वरचा इतिहास सांगता येईल. पहिली गोळी खर्च थांबवते, दुसरी जमा वाढवते. नुसते लोह देऊन अ‍ॅशफोर्ड यांना यश आले नाही, आणि नुसते कृमी पाडले तेव्हा रक्त लवकर भरून आले नाही. सरसकट जंतनाशनाने मुलांची वाढ आणि हजेरी किती सुधारते, यावर संशोधकांत मतभेद आहेत. जिथे लागण मुळात कमी आहे, तिथे फायदाही थोडाच दिसणार.

दोन्ही गोळ्यांच्या पलीकडची तिसरी गोष्ट म्हणजे माती. संडास नुसता बांधून भागत नाही. घरातल्या सगळ्यांनी तो रोज वापरला पाहिजे, आणि त्यासाठी तिथे पाणी असले पाहिजे. शेतात, परसात जाणाऱ्या मुलाच्या पायांत चप्पल हवी. गॉटहार्डच्या मजुरांना धुराने किंवा अंधाराने रक्तक्षय झाला नव्हता. त्यांच्यासाठी शौचाची सोय करण्याची गरज कुणाला वाटली नव्हती, म्हणून झाला होता.

स्टाइल्स यांच्या भाषणाला आता सव्वाशे वर्षे होत आली. तो मथळा लिहिणाऱ्या वार्ताहराने थट्टा केली, पण त्यातला प्रश्न आपल्याला आजही उपयोगी आहे. एखाद्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात 'आळशी' किंवा 'लक्ष देत नाही' असा शेरा लिहिण्याआधी त्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू लालसर आहे की पांढुरकी, ते खडू खाते का, मैदानावर लवकर दमते का, एवढे पाहायला दोन मिनिटे पुरतात. त्यातून निदान होत नाही, ते डॉक्टरांचे काम. पण मुलाला डॉक्टरांकडे पाठवावे हे सुचायला तेवढे पुरे असते.